सुकाणूचे तेल कोठे गळते?

अरबी भाषेत खाडीला ‘खोर’ म्हणतात. ‘खैरान’ हे त्याचेच अनेकवचन. कुवेत शहराच्या दक्षिणेस, सौदी अरेबियाच्या सीमेनजीक, किनाऱ्यात शिरलेल्या खाड्यांवरून त्या स्थळास हे नाव पडले. अलीकडच्या दशकांत तेथे वाळवंटात कालवे खणून समुद्राचे पाणी आत घेण्यात आले आणि लोकांच्या घरांपर्यंत नौका जाऊ लागल्या. आपल्या मराठीतील ‘सुकाणू’ हा शब्दही मूळचा अरबीच. कुवेतमध्ये मोटारीच्या चाकालादेखील ‘सुक्कान’ म्हणतात.

रेवदंड्याकडील माझा एक जुना विद्यार्थी सध्या याच खैरानच्या धक्क्यावर नौकांच्या इंजिनांची कामे करतो. त्याच्या पत्रातील प्रश्न येथे घेत आहे, कारण तशी इंजिने अश्दोद व एलातच्या धक्क्यांवरही आढळतात. तो लिहितो, “गुरुजी, नौका वीस वर्षांची आहे. चाक जड होते, तेल कमी होते. मालक म्हणतात, दर आठवड्याला तेल ओत आणि चालव. फार तर पंप बदल. मला ते पटत नाही.” त्याला पटत नाही हे योग्यच आहे. शुक्रवारी कुटुंबे मुलाबाळांसह नौकेत बसतात. अरुंद कालव्यात समोरून दुसरी नौका येत असता चाक एकाएकी जड झाले, तर ओतलेल्या तेलाचा हिशेब कोणी विचारणार नाही.

प्रथम रचना ध्यानात घ्यावी. स्टर्नड्राइव्ह नौकेत इंजिन पिछाडीला आत असते आणि पंखा असलेला पाय बाहेर, पाण्यात. वेगळे सुकाणू नसते. तो संपूर्ण पायच डावीउजवीकडे वळतो. जिम विन या अमेरिकन अभियंत्याची ही कल्पना स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने 1959 साली ‘अक्वामॅटिक’ या नावाने बाजारात आणली. पाठोपाठ 1961 मध्ये मरक्रूझर आली. इंजिने मोठी झाली तसा हा पाय हाताने वळविणे कष्टाचे झाले, म्हणून मोटारीतल्यासारखे पॉवर स्टिअरिंग त्यास जोडण्यात आले. चाकापासून एक केबल मागे जाते व एक लहान झडप सरकविते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलास दाब देतो आणि ते तेल सिलिंडरमधील दट्ट्यास ढकलते. तेल संपले तरी केबल जोडलेली असल्यामुळे नौका वळते, परंतु त्यासाठी लागणारे बळ प्रत्येकाच्या मनगटात असतेच असे नाही.

आता गळतीकडे वळू. आपल्या पूर्वजांनी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविले. तेल सुटते एका जागी आणि दिसते दुसऱ्या जागी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसते. इंजिनाच्या खोलीत नेमके हेच होते. तेल ओघळून सर्वांत खालच्या नळीच्या टोकावर थेंब धरते आणि निष्कारण तीच नळी बदलली जाते. म्हणून आधी सर्व भाग तेल काढणाऱ्या द्रावणाने धुऊन कोरडे करावेत, त्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी, खाली पांढरा कागद पसरावा आणि मग नौका पाण्यात असताना इंजिन सुरू करून दुसऱ्याकडून चाक फिरवून घ्यावे. ओल जेथे सर्वांत वर उमटेल, तेथे मूळ शोधावे. पेट्रोलचे इंजिन असल्यास सुरू करण्यापूर्वी 4 मिनिटे पंखा चालवून आतील वाफ बाहेर काढणे सोडू नये. दाबाच्या नळीवरून बोट फिरवून गळती शोधण्याची सवय तर कायमची मोडावी. सूक्ष्म छिद्रातून निघालेली तेलाची धार सुईसारखी कातडीखाली शिरते. जखम टिचभर दिसली तरी तत्काळ इस्पितळ गाठावे लागते, नाहीतर बोट जाण्याचा प्रसंग येतो. तेथे पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा.

पंपाच्या दांड्याचे सील गेले असेल, तर पुलीभोवती तेलाचे वर्तुळ उडालेले दिसते आणि पट्टा ओला होऊन घसरतो. परतीची नळी उष्णतेने ताठरली की तिच्या टोकाशी तेल झिरपते. झाकणातून फेस येत असेल, तर पुष्कळदा तेल जास्त भरलेले असते किंवा त्यात हवा मिसळलेली असते. ती गळतीच नव्हे. तेल घटते, परंतु नौकेचा तळ कोरडा, असे दिसले तर शीतकावर संशय घ्यावा. त्यात तेलाच्या शेजारून समुद्राचे पाणी वाहते. आतील नळी सडली की चालू इंजिनात तेल समुद्रात जाते आणि बंद असता पाणी तेलात शिरू शकते. लाल तेल दुधाळ गुलाबी झाले तर साक्षीपुराव्याची गरज उरत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने कळविलेल्या खुणा मात्र दट्ट्याच्या दांड्याकडे बोट दाखवितात. तेल पिछाडीच्या भिंतीशी, सिलिंडरच्या तोंडाखाली साचते. जुन्या नौकांत हे फार आढळते, आणि खैरानसारख्या ठिकाणी तर विशेष. महासागराच्या किलोभर पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात, तर त्या आखातात 40 ग्रॅमच्या आसपास. उष्णतेविषयी बोलावयाचे तर कुवेतमधीलच मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा हवेत रबर कडक होते आणि दांड्यावर गंजाचे खड्डे पडतात. त्या खडबडीत दांड्यावर नवे सील बसविणे म्हणजे किसणीवर रेशीम घासणे. दांड्यावरून नख फिरवावे. ते अडकले तर सिलिंडरचा संच बदलणे हेच शहाणपणाचे.

पण दांडा आत असून गंजला कशाने? पाय वळविणारा उभा दांडा पिछाडीच्या भिंतीतून आत येतो. त्याचे सील झिजले की खारे पाणी नेमके सिलिंडरवर ठिबकते. ते तसेच ठेवून नवा संच बसविला तर तोही गंजणार. हे सील बदलण्यासाठी नौका पाण्याबाहेर घ्यावी लागते, पुष्कळदा इंजिनही उतरवावे लागते. म्हणूनच मालकांना पंप बदलणे आवडते. कारागिराने येथे मोघम बोलू नये. दोन्ही कामांचा खर्च वेगवेगळा लिहून द्यावा आणि पहिलेच करावयाचे असल्यास मालकाची त्यावर सही घ्यावी. परदेशात नोकरी करणाऱ्या माणसास तो कागद पुढे उपयोगी पडतो. केबलही सोडवून हाताने सरकवून पाहावी; तीच गंजून अडकली असेल, तर जड चाकाचा दोष तेलावर नाही.

जोडणी करताना तेल सोसणाऱ्या रबराच्याच ओ-रिंगा वापराव्यात. बहुतेक जुन्या संचांना मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे लाल तेल चालते, तरी त्या इंजिनाची पुस्तिका पाहूनच घ्यावे. ब्रेकचे तेल कदापि नको, ते सील फुगवून नासविते. गळती थांबविणारी म्हणून विकली जाणारी औषधेही सीलच फुगवितात आणि रोग चार दिवस लपवितात. तेल भरल्यावर इंजिन बंद ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश अनेकदा फिरवावे व तेल पुन्हा पाहावे. नंतर इंजिन मंद चालवून तेच करावे, मात्र टोकाशी चाक दाबून धरू नये. फेस आलाच तर इंजिन थांबवून तो बसू द्यावा.

तळात साचलेले तेल कापडाने टिपून घ्यावे. ते निघेपर्यंत तळाचा आपोआप चालणारा पंप बंद ठेवावा, अन्यथा सर्व तेल समुद्रात फेकले जाईल. कुवेतमध्ये नदी नाही. पिण्याचे पाणी मुख्यतः समुद्राचेच, क्षार काढून मिळविलेले, आणि तसा एक मोठा कारखाना खैरानच्या उत्तरेस जवळच अझ-झूर येथे आहे. या आखाताच्या रक्षणासाठी 1978 साली आठ किनारी देशांनी केलेला करारही कुवेतच्याच नावाने ओळखला जातो. काम संपताच तळाचा पंप पुन्हा सुरू करून ठेवावा आणि पहिल्या फेरीनंतर धक्क्यावर परतताच पांढरा कागद एकदा बाहेर काढून पाहावा.