समुद्राच्या तळावर हक्क कुणाचा?

मालवणच्या स्नॉर्कलिंगचे फोटो मोबाईलवर बघून आपले कार्यकर्ते म्हणतात, "हे श्रीमंतांचे चोचले!" मला हे मान्य नाही. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्याची पोरं पोहायला शिकणार कुठे? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि समतेचा हक्क बजावला. मग समुद्र आपल्याला परका कसा?

पण आपला हक्क बजावताना दुसऱ्याचा तुडवायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छीमारांनी विरोध केला, कारण निर्बंध आले की पोट त्यांचंच मारलं जाणार. उलट त्याच किनाऱ्यावर पर्यटकांची होडी प्रवाळावर नांगर टाकते, हौशी माणूस त्यावर पाय देऊन उभा राहतो. प्रवाळ म्हणजे दगड नाही, ती जिवंत जीवांची वसाहत आहे. वर्षानुवर्षांची वाढ एका पायाखाली मोडते.

संवर्धनाची किंमत राबणाऱ्याने मोजायची आणि मजा पैसेवाल्याने मारायची, ही वाटणी आपण चांगली ओळखतो. म्हणून अभयारण्याच्या निर्णयात रापणकारांना जागा हवी. डायव्हिंगचं प्रशिक्षण आणि परवाने स्थानिक व मागास तरुणांना आधी मिळायला हवेत.

तरुणांनो, पोहायला शिका, पाण्यात उतरा, प्रवाळाला हात लावू नका. आणि वर आल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाच्या बाजूने उभे राहा.

जय भीम!