सिंह कोरला म्हणून सरदार होत नाही

लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर शनिवारी जुन्या दागिन्यांच्या टेबलांवर कोरीव सोन्याच्या अंगठ्या हमखास दिसतात. पंजा उगारलेला सिंह, बुडाशी पानांचा मुकुट आणि विक्रेत्याचे ठरलेले पालुपद: ‘ड्यूकच्या घराण्यातली आहे.’ किंमतही त्या ड्यूकला शोभेल अशी. तीच अंगठी मोडीच्या दुकानात न्या. तिथला माणूस ती काट्यावर टाकतो आणि कोरीवकामाकडे ढुंकूनही न बघता भाव सांगतो. दोन्ही पक्ष चुकतात. पहिला भाबडेपणाने किंवा लबाडीने, दुसरा आळसाने.

आधी ड्यूकचे बघू. शिरस्त्राणावरच्या चिन्हाला, म्हणजे तुऱ्याला, बुडाशी पानांचा मुकुट दाखवण्याची रीत इंग्रजी कुलचिन्हांत सर्रास आहे. तो पदवीचा मुकुट नव्हे. पदवी नसलेल्या जमीनदारांच्या चिन्हांतही तो सापडतो. सिंहाचे तर विचारूच नका. फेअरबेर्नच्या तुऱ्यांच्या कोशात अर्धा सिंह कितीतरी घराण्यांच्या नावावर नोंदलेला आहे. नुसत्या तुऱ्यावरून घराणे सांगणारा माणूस अंदाज विकत असतो.

आडनावाचे चिन्ह ही आणखी एक लोणकढी थाप. इंग्लंडात चिन्ह आडनावाला मिळत नाही. व्यक्तीला मिळते आणि तिच्या वंशजांकडे जाते. १४८४ साली सनद मिळालेले, कुलचिन्हे देणारे कॉलेज ऑफ आर्म्स हेच सांगते. आडनाव जुळले की चिन्ह आपले, असे मानायचे तर उद्या प्रत्येक भोसल्याने साताऱ्याच्या गादीवर हक्क सांगायला हरकत नसावी!

वयाच्या थापा पकडणे त्यामानाने सोपे. ब्रिटनमध्ये नऊ कॅरेटच्या सोन्याला मान्यता मिळाली १८५४ साली. तेव्हा नऊ कॅरेटचा, म्हणजे ३७५चा, छाप मिरवणारी ‘जॉर्जियन’, म्हणजे त्याआधीच्या जॉर्ज राजांच्या काळातली, अंगठी हा वदतोव्याघात. ढालीवरचे रंग रेघा-ठिपक्यांनी दाखवण्याची पद्धत (ठिपके म्हणजे सोने, उभ्या रेघा तांबडा, आडव्या निळा) पेत्रा सांक्ता या जेझुइटाच्या १६३८च्या ग्रंथामुळे रूढ झाली. तशा रेघांची अंगठी आठव्या हेन्रीच्या काळातली म्हणून कुणी पुढे केली, तर हसून पुढचे टेबल गाठावे. आपल्याकडेही युरोपीय धाटणीची ढाल अनेक संस्थानांना मिळाली ती १८७७च्या दिल्ली दरबाराच्या वेळी, रॉबर्ट टेलर या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्याच्या हातून. त्या ढालीचे कफलिंक पेशवाईतले असू शकत नाहीत.

छापसुद्धा अर्धेच सांगतो. तो अंगठीचे वर्ष देतो, कोरीवकामाचे नाही. कडा झिजून गुळगुळीत आणि रेघा मात्र बोटाला टोचतील इतक्या तीक्ष्ण, असे दिसले तर सिंह नंतर अवतरला आहे.

म्हणून मोडवाला बरोबर ठरतो का? नाही. दहा ग्रॅमच्या नऊ कॅरेट अंगठीत शुद्ध सोने ३.७५ ग्रॅम, हा किमतीचा तळ झाला. त्यावरची किंमत चढते ती मालकाच्या नावाने. विंडसरच्या डचेसचे, म्हणजे गादी सोडणाऱ्या आठव्या एडवर्डच्या पत्नीचे, दागिने सदबीजने १९८७ साली जिनिव्हात लिलावाला काढले, तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्सच्या तीन पिसांचा हिऱ्यांचा ब्रोच एलिझाबेथ टेलरने घेतला. तिच्या निधनानंतर, २०११ साली, क्रिस्टीजच्या लिलावात त्याने १३ लाख डॉलर ओलांडले. तीच तीन पिसे वेल्श पलटणीच्या जवानांनी बायकोला, प्रेयसीला दिलेल्या छोट्या ब्रोचवरही असतात आणि ते किरकोळ पैशांत मिळतात. हिऱ्यांचा फरक आहेच. पण तेवढ्या हिऱ्यांना कुणी तेवढे पैसे मोजत नाही. मोजले ते कुणाच्या अंगावर होते आणि त्याचा पुरावा काय, याचे.

असा पुरावा साध्या अंगठीतही कधीकधी दडलेला असतो. शिक्क्याची अंगठी उलटी कोरलेली असते, म्हणून ती लाखेवर उठवून वाचावी. ठशातली ढाल उभी दुभागलेली असेल, तर बघणाऱ्याच्या डावीकडे नवऱ्याचे चिन्ह आणि उजवीकडे बायकोच्या माहेरचे. तुरा शेकडो जणांचा असेल, पण या दोन घराण्यांमधली लग्ने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यात आतल्या बाजूला बर्मिंगहॅमच्या छापाचा नांगर किंवा लंडनच्या छापातले बिबट्याचे डोके आणि शेजारी वर्षाचे अक्षर शाबूत असेल, तर शोध बहुधा एका जोडप्यापाशी येऊन थांबतो. नुसत्या तुऱ्याच्या अंगठीला सोन्याचा भाव आणि कारागिरीचे थोडे वर, एवढेच द्यावे. दुभागलेली ढाल असेल, तर मात्र लाखेचा ठसा घेऊन घराण्यांचा माग लागेपर्यंत ती मोडीत घालू नये.