लक्ष्यांक चुकल्यानंतर

शिक्षणखात्यात लक्ष्यांक ठरविणे ही आता नित्याची बाब झाली आहे. अमुक मुदतीत अमुक टक्के मुलांना वाचता आले पाहिजे, वजाबाकी आली पाहिजे, असे ठरविण्यात गैर काही नाही. मुलांना काय आले हे न विचारता केवळ किती शाळा उघडल्या याची बेरीज मांडणारा कारभार आपण पुष्कळ पाहिला. त्या मानाने ही प्रगतीच म्हटली पाहिजे. परंतु लक्ष्यांक गाठला गेला नाही म्हणजे काय करावयाचे, या प्रश्नाला आपल्याकडे धड उत्तर नाही; आणि व्यवस्थेची खरी परीक्षा तर नेमकी तेव्हाच होते.

राज्यात अशा कार्यक्रमांची उणीव नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि शाळा ‘प्रगत’ झाल्याच्या घोषणा होऊ लागल्या. ५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘निपुण भारत’ अभियान जाहीर केले आणि पायाभूत वाचन व अंकज्ञानासाठी २०२६-२७ ही मुदत घालून दिली. मार्च २०२५ मध्ये त्याच धर्तीवर राज्याने ‘निपुण महाराष्ट्र’ कृती कार्यक्रम हाती घेतला. नावे बदलली, तक्ते बदलले, मुदती पुढे सरकल्या. एका कार्यक्रमातून दुसरा जन्माला येतो तेव्हा पहिल्याचे काय झाले याचा हिशेब मात्र जनतेपुढे क्वचितच मांडला जातो.

लक्ष्यांक चुकला की प्रशासनाचे ठरीव उपाय सुरू होतात. पहिला उपाय आढावा बैठकीचा. जिल्हा तालुक्याला विचारतो, तालुका केंद्राला, केंद्र मुख्याध्यापकाला आणि मुख्याध्यापक वर्गशिक्षकाला. प्रश्न खाली उतरत जातो, उत्तर मात्र वर चढताना वाटेत गोड होत जाते. दुसरा उपाय खुलासा मागविण्याचा. तिसरा आणखी एका प्रशिक्षणाचा, ज्यासाठी शिक्षकाला वर्ग सोडून जावे लागते. चौथा उपाय कोणी कागदावर लिहीत नाही, पण तो सर्वांना ठाऊक असतो. तो म्हणजे आकडा सुधारणे. मूल सुधारण्यापेक्षा आकडा सुधारणे केव्हाही सोपे, हे उघडच आहे.

या बाबतीत नांदेड जिल्ह्याचा स्वतःचा अनुभव मोलाचा आहे. श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना २०१० च्या सुमारास येथे कॉपीमुक्त परीक्षांची मोहीम कठोरपणे राबविली गेली. निकालाची टक्केवारी कोसळली. पालक अस्वस्थ झाले, संस्थाचालक संतापले. पण ती घसरण मुलांच्या अभ्यासाची नव्हती, अनेक वर्षे रचलेल्या खोट्या आकड्यांची होती. पाठोपाठ याच जिल्ह्यात शाळांची पटपडताळणी झाली, आणि तिचेच अनुकरण करून ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी करण्यात आली. पटावर असलेले सुमारे २० लाख विद्यार्थी प्रत्यक्षात आढळले नाहीत. जे मूल अस्तित्वातच नाही त्याच्या नावाने अनुदान, पोषण आहार आणि शिक्षकपदे चालली होती.

या मोजणीने दाखविलेले धैर्य निर्विवाद आहे. परंतु पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. पट घटल्याने शिक्षक अतिरिक्त ठरले आणि २०१२ मध्ये त्यांचे समायोजन होईपर्यंत नव्या भरतीवर बंदी आली. खोटे पट फुगविणाऱ्यांची शिक्षा अशा रीतीने प्रामाणिक शाळांनाही भोगावी लागली, डी.एड. होऊन बसलेल्या हजारो तरुणांना तर ती अधिकच भोगावी लागली. सत्य शोधण्यात आपण शूर ठरलो, सत्याच्या आधारे शाळा उभी करण्यात मात्र कमी पडलो.

लक्ष्यांकाला दंडाची जोड दिली म्हणजे काय होते, हे जगाने अनेकदा पाहिले आहे. इंग्लंडात १८६२ पासून प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व गणिताची परीक्षा घेऊन त्यावर शाळेचे अनुदान ठरविले जाऊ लागले. परिणाम असा झाला की मुले तपासणीसाठी नेमलेले पुस्तक तोंडपाठ करू लागली. सुमारे तीन दशकांनी ती पद्धत मोडीत काढावी लागली. अमेरिकेने २००२ मध्ये कायदा करून २०१४ पर्यंत सर्व मुले प्रवीण होतील असे ठरविले आणि मागे पडणाऱ्या शाळांवर चढत्या क्रमाने कारवाईची तरतूद केली. २०११ मध्ये अटलांटा शहरातील चौकशीत ४४ शाळांमधील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांतील गैरप्रकारांत गुंतल्याचे निष्पन्न झाले. पुढे काहींना न्यायालयाने दोषी ठरविले. २०१५ अखेर तो कायदाच बदलण्यात आला. तिकडची शिक्षकमंडळी जन्मतः अप्रामाणिक होती काय? मुळीच नाही. ज्या मोजपट्टीवर नोकरी टांगलेली असते ती मोजपट्टी सरळ राहत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे सारे किनवटच्या संदर्भात पाहावे. नांदेडपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, पैनगंगेच्या खोऱ्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका. १९५६ पर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. येथे गोंड, कोलाम, आंध, बंजारा असे अनेक समाज राहतात. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातील भाषा. अशा वस्तीवरचे सहा वर्षांचे मूल पहिलीत येते तेव्हा पाठ्यपुस्तकातील मराठी त्याच्यासाठी जवळजवळ परभाषा असते. त्याला अक्षर आणि भाषा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकावयाच्या असतात. पुण्याच्या मुलाला लावलेली मुदत त्यालाही तीच. योगायोग असा की, ज्या १९५६ साली हा तालुका मराठी मुलखाशी जोडला गेला, त्याच वर्षी राज्यघटनेत ३५०-अ हे कलम घालून अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगितले गेले. शिक्षणहक्क कायद्यानेही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्याची अपेक्षा ठेवली आहे. हाही एक लक्ष्यांकच. तो चुकला म्हणून कोणाकडे खुलासा मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही.

बदल्यांच्या धोरणाचेही तसेच. २०१७ च्या नियमांनी अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदलीचा हक्क दिला. शिक्षकाच्या दृष्टीने ते न्याय्यच आहे. पण मुलांची बोली त्याच्या कानाला सरावते न सरावते तोच तो निघून जातो, आणि नवा येईपर्यंत एकाच खोलीत चार इयत्ता बसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत मुले शेतावर असतात, काही कुटुंबे कामासाठी गाव सोडतात. या साऱ्याची नोंद घेणारा रकाना तक्त्यात नसतो.

यावर कोणी म्हणेल की ही शिक्षकांची वकिली झाली. तसे नाही. वर्गात न शिकविणारे शिक्षक आहेत, आणि आदिवासींच्या मुलांना येणारच नाही असे मनाशी धरून स्वस्थ बसणारेही आहेत. ती वृत्ती आळसाहून वाईट, कारण तिच्यात तुच्छता आहे. म्हणूनच किनवटसाठी लक्ष्यांक खाली आणावा अशी मागणी आम्ही करणार नाही. कोलामाच्या मुलीलाही तिसरीत वाचता आलेच पाहिजे. प्रश्न तिच्यासाठी कमी अपेक्षा ठेवण्याचा नसून तिला अधिक देण्याचा आहे.

त्यासाठी दोन गोष्टी व्हाव्यात. पहिली, मोजणी आणि शिक्षा यांची फारकत. मुलाला काय येते याची चाचणी शाळेबाहेरच्या माणसाने घ्यावी आणि तिचा उपयोग मदत कोठे पाठवावी हे ठरविण्यासाठी व्हावा. खोटी माहिती भरणाऱ्याला जरूर शासन करावे, पण खरी आणि वाईट माहिती देणाऱ्याला संरक्षण मिळाले पाहिजे. दुसरी, हिशेब दुहेरी असावा. शाळेने काय साधले या रकान्याशेजारी शासनाने काय दिले हा रकाना असावा. पदे भरली होती काय, पुस्तके वेळेवर आली काय, कामासाठी गाव सोडणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह उघडले काय, बोलीतून मराठीकडे नेणारे साहित्य हाती होते काय, शिक्षकाचे किती दिवस अशैक्षणिक कामांत गेले. या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या फलकावर आणि जिल्हा परिषदेच्या सभेत जाहीर व्हावीत. मग लक्ष्यांक कोठे चुकला हे पालकालाही कळेल.

उत्तरदायित्व हा शब्द आपल्याकडे नेहमी वरून खाली वाहतो. दुर्गम शाळेतला एकटा शिक्षक सर्वांना उत्तर देतो आणि त्याला उत्तर देणारा कोणी नसतो. खरा आकडा सांगावयाचे धैर्य नांदेडने एकदा दाखविले होते. तो आकडा पाहून खालच्याला दटावण्याऐवजी वरच्यांनी आपले काम केले, तर त्या धैर्याचे चीज होईल.