कागद कापण्याआधी

मृग जवळ आला की आमच्याकडे कौलांवर घालायला प्लॅस्टिकचा कागद आणतात, आणि तो कापताना घरोघर वाद होतो. वडीलधारे पावलांनी जमीन मोजतात व तेवढाच कागद कापतात. माझ्या मते छपराचे माप जमिनीवर घेणे हेच मुळात चूक आहे. पाख्याखालची जमीन 8 फूट आणि आढ्यापर्यंतचा चढ 6 फूट असेल, तर पाखे 10 फूट भरते. पायथागोरस आपण परीक्षेपुरता घोकला, तो छपरावरही असतो हे कुणी सांगितले नाही! शिवाय आढ्यापलीकडे आणि वळचणीबाहेर फूट फूट हवा. म्हणजे 12 फूट. दुकानदार मीटरने देतो, तेव्हा पावणेचार मीटर घ्यावा. ‘उगाच खर्च’ म्हणणाऱ्यांनी पुढे दिलेला जोड पाहावा. पाणी नेमके तिथूनच उतरते. कापतानाही कडेला खाच राहू देऊ नये, वाऱ्यात कागद तिथूनच फाटत जातो.

गणित नको असेल तर आढ्यापासून वळचणीपर्यंत सुतळी धरावी. अक्षरओळख नसलेली माझी आई असेच मापते आणि तिचे माप चुकत नाही. पण कागद कापायच्या वेळी तिला कुणी विचारीत नाही.