विश्लेषण : वेबसाइटचा जुना कोड एका रात्रीत बदलावा का?

वेबसाइट उघडते, फॉर्म भरला जातो, पावतीही येते. मग आतल्या कोडवर खर्च कशाला, असा सवाल अनेक संस्थांत केला जातो. ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हे धोरण वरवर स्वस्त वाटते. प्रत्यक्षात ते महागात पडू शकते.

जुन्या कोडचा धोका काय?

असंख्य वेबसाइट पीएचपी या भाषेत लिहिलेल्या आहेत. तिच्या ५.६ आवृत्तीसाठी सुरक्षा दुरुस्त्या देणे ३१ डिसेंबर २०१८ रोजी थांबले. त्यानंतर सापडलेली भगदाडे उघडीच राहतात आणि वापरकर्त्यांची माहिती धोक्यात येते. मात्र सर्व्हरवर केवळ नवी आवृत्ती टाकून भागत नाही. डेटाबेसमधून माहिती काढणारी काही जुनी फंक्शन्स २०१५ मध्ये आलेल्या ७.० आवृत्तीतून वगळली गेली. त्यांच्यावर विसंबलेला कोड तिथे बंद पडतो.

मग सगळेच नव्याने केले तर?

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची खाती मुख्यतः एकाच टप्प्यात नव्या प्रणालीवर नेली. माहिती नीट पोहोचली, पण प्रणाली कोलमडली. असंख्य ग्राहकांना स्वतःच्याच खात्यात प्रवेश मिळेना. कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. नियामकांनी २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड ठोठावला.

सुरक्षित मार्ग कोणता?

वड-पिंपळाच्या कुळातील काही झाडे दुसऱ्या झाडावर रुजतात, मुळे खाली सोडतात आणि हळूहळू त्याची जागा घेतात. ऑस्ट्रेलियात अशी झाडे पाहिलेले सॉफ्टवेअरतज्ज्ञ मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये हीच उपमा कोड बदलण्याच्या पद्धतीला दिली. आधी जुना कोड नेमके काय करतो, हे चाचण्यांमध्ये नोंदवायचे. मग पावतीसारखा एकच भाग नव्याने लिहून वापरकर्त्यांना तिकडे वळवायचे. बिघडले तर जुना भाग हाताशी असतोच. जमले की पुढचा भाग.

संस्थांनी काय करावे?

या पद्धतीत काही काळ दोन्ही प्रणाली सांभाळाव्या लागतात. त्यासाठी दरवर्षी देखभालीची स्वतंत्र तरतूद हवी. नवे रंग आणि नवा लोगो लावून उद्घाटन होते, आतला कोड मात्र तोच राहतो. ज्यांचे आधार क्रमांक आणि बँक तपशील त्या कोडच्या भरवशावर आहेत, त्यांना याचा काहीच उपयोग नाही.