वहीत फक्त ‘भारी’

मराठीच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकांची तक्रार आता ठरलेली आहे : मुलांकडे शब्दच नाहीत. पाऊस भारी, सहल भारी, शिवाजी महाराजही भारी. ‘आणि’चं ‘आनि’ होतं, वाक्य मध्येच संपतं. खापर मोबाइलवर.

निफाडपुरतं तरी मला हे पटत नाही. इथल्या द्राक्षबागायतदाराच्या मुलाला खरड छाटणी आणि गोड छाटणी यांतला फरक कळतो. पान उलटून बघून तो रोग डावणी की भुरी हे सांगतो. ओलांडा, फेलफूट, विरळणी, डिपिंग हे शब्द त्याला कुणी पाठ करायला लावलेले नसतात. तो अडतो वहीत. ‘पावसाळ्यातील एक दिवस’मध्ये गाईडातलाच मोर नाचावा लागतो. फुलोऱ्यातल्या बागेवर अवेळी कोसळून रात्रीतून फवारणीला ट्रॅक्टर काढायला लावणारा पाऊस तिथं चालत नाही. न्यायमूर्ती रानडे १८४२ साली याच निफाडात जन्मले, मराठी ग्रंथकारांचं १८७८चं पहिलं संमेलन भरवण्यात ते पुढे होते. पण निबंधात तेही नुसते ‘थोर समाजसुधारक’.

मोबाइल निर्दोष आहे असं नाही. मात्र शुद्धलेखन बिघडवणं ही त्याची किरकोळ खोडी. ग्रुपवर ‘आलता का?’, ‘हो’, ‘किती?’, ‘बत्तीस’ एवढ्यात अख्खा सौदा कळतो, कारण मागचं सगळं दोघांनाही ठाऊक असतं. वही वाचणाऱ्याला काहीच ठाऊक नसतं. कोण आलं, कशाला आलं, बत्तीस म्हणजे किलोमागे रुपये, हे परक्या माणसाला उलगडून सांगायची वेळ दिवसभराच्या चॅटिंगमध्ये येतच नाही. व्हॉइस मेसेजनं तर टायपिंगही वाचवलं. मूल अर्धं मनात ठेवून अर्धं लिहितं आणि आपण त्याला शब्ददारिद्र्य म्हणतो.

दहावीच्या उपयोजित लेखनात पत्र आहे, बातमी आहे. पत्राखाली ई-मेल आयडीही लिहायचा असतो. सोय आहे, वापर नाही. नववीच्या मुलांना ग्रुपवरच्या अशा चार ओळी द्याव्यात आणि द्राक्षबाग कधीच न पाहिलेल्या कोकणातल्या मुलाला कळेल असं पत्र लिहायला सांगावं. गाईडात त्याचं उत्तर मिळणार नाही. काही गोष्टी घरी आजोबांना विचाराव्या लागतील, आणि तपासताना एखाद्या शब्दासाठी बाईंनाही मुलालाच विचारावं लागेल. त्याचे गुण कापू नयेत.