नासाडी नळीने होते, बादलीने नव्हे

मा. संपादक,

‘गाडी घरी धुणे म्हणजे पाण्याची नासाडी, ती वॉशिंग सेंटरलाच द्यावी’ हे आपल्या अंकातील मत अर्धेच खरे आहे. नासाडी होते ती सोसायटीच्या आवारात वाहती सोडलेल्या नळीने. छोटी मोटार दोन बादल्यांत, म्हणजे तीसेक लिटरमध्ये स्वच्छ निघते: एकीत कार शॅम्पू, दुसरीत कापड खळबळायला साधे पाणी.

मार्च 2024 च्या टंचाईत बंगळुरूने 5,000 रुपये दंड ठेवला, तो पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर. मिरा-भाईंदरलाही शहाड-टेमघर आणि एमआयडीसीचे पाणी दुरून येते. त्यामुळे पाणी कुठले आणि किती, एवढेच पाहायला हवे.

‘सेंटरवर रंग सुरक्षित राहतो’ हेही सरसकट खरे नाही. गायमुख घाटातून आलेल्या गाडीच्या बॉनेटवर बारीक कच बसलेली असते. घाईत तोच फडका पुढच्या गाडीवर फिरला, की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकतात. घरी आधी पाणी ओतून धूळ उतरवता येते, चाकांचे कापड वेगळे ठेवता येते. भांड्यांचा साबण मात्र टाळावा. तो वॅक्स उतरवतो.

एक मुद्दा मान्य. पावसाळ्यानंतर तळाचा चिखल काढायला रॅम्प आणि दाबाचे पाणी लागते. त्यासाठी तेल-गाळ अडवणारी टाकी असलेले सेंटर निवडावे. नाहीतर तो गाळ गटारातून खाडीत जातो.

पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी.

एक वाचक, घोडबंदर